विद्युत चक्राकार करवत

विद्युत चक्राकार करवत हे दातेरी गोल पाते मोटरीने फिरवून लाकूड व प्लायवूड कापणारे, हातात धरून चालवायचे यंत्र आहे. घरगुती करवतीचे पाते सामान्यतः १८४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि मिनिटाला सुमारे ५,००० फेरे घेते.

उलट झटका

उलट झटका किंवा ‘किकबॅक’ हा या यंत्राचा प्रमुख धोका होय. पात्याचे पुढचे दात लाकूड खालून वर कापतात. चीर मिटून पाते चिमटले गेल्यास किंवा करवत तिरकी झाल्यास मोटरीचा जोर करवतीलाच उचलून चालवणाऱ्याकडे फेकतो. फक्त दोन टोकांवर टेकवलेली फळी मध्ये कापताना खाली वाकते व चीर मिटते. म्हणून आधार कापाच्या जवळ द्यावा लागतो.

सुरक्षित वापर

फळी शिकंज्याने पक्की बसवतात. पाते फळीच्या खाली ३ ते ६ मिलिमीटरच निघेल एवढी खोली ठेवतात. करवत दोन्ही हातांनी धरून, पात्याच्या रेषेच्या बाजूला उभे राहून चालवतात. पाते अडल्यास खटका सोडतात. ते पूर्ण थांबेपर्यंत करवत उचलत नाहीत. खटका सोडल्यावरही पाते काही क्षण फिरत असल्याने खालचे सरकते गार्ड पाचर मारून उघडे ठेवणे घातक ठरते. पाते बदलण्यापूर्वी प्लग किंवा बॅटरी काढतात. सैल कपडे टाळतात.

लाकडाची धूळ कर्करोगजनक मानली जाते. त्यामुळे सुरक्षा चष्मा व कर्णरक्षकांसोबत धूळरोधक मुखपट्टीही आवश्यक असते.