लाँड्रीखालचा काडतुसांचा कारखाना

आपल्या बेने इस्राएल समाजात पलटणीची परंपरा जुनी आहे. १७९६ साली मुंबईत आपले पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर हे कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी होते. त्या काळच्या बंदुकीला नळीच्या तोंडातून दारू आणि शिशाची गोळी भरत. शिसे थोड्याशा आचेवर वितळते, म्हणून साचा जवळ असला की चुलीवरही गोळी ओतता येई. एक बार उडाला की शिपाई दुसरा भरायचा. अशा बंदुकीला घरगुती गोळी पुरत असे.

दीडशे वर्षांनी या देशात हगानापुढे प्रश्न आला तो वेगळ्याच बंदुकीचा. १९४५च्या सुमारास त्यांच्याकडे स्टेन बंदुका होत्या आणि गुप्तपणे नव्याही बनत होत्या. स्टेन ही साधी, स्वस्त बंदूक, पण मिनिटाला सुमारे पाचशे गोळ्या झाडणारी. इथे चुलीवरची गोळी चालत नाही. नरम शिसे वेगाने नळीतून जाताना घासले जाते, आतल्या आट्यांत त्याचा थर बसतो आणि नेम बिघडतो. गोळीचे टोक चेपले तर ती आत सरकताना अडकते. शिवाय स्टेनचा खटका मागे ढकलला जातो तो काडतुसाच्याच जोराने. जोर कमी पडला की बंदूक मध्येच बंद. म्हणून प्रत्येक काडतूस हुबेहूब सारखे हवे, पितळेची पुंगळी हवी आणि शिशावर तांब्याचे कवच हवे. हे काम यंत्रांचे होते.

ती यंत्रे १९३८ मध्येच पोलंडमध्ये घेतली होती, पण वाटेत बैरूतला जवळजवळ चार वर्षे अडकून पडली. अखेर ती इकडे आणली आणि रेहोवोतजवळच्या टेकडीवर, ब्रिटिशांच्या नाकासमोर, १९४५ मध्ये कारखाना उभा राहिला. त्याला ‘मखोन अयालोन’ हे नाव मिळाले. जमिनीखाली सुमारे आठ मीटरांवर, टेनिसच्या मैदानाएवढी ही जागा तीन-एक आठवड्यांत खोदून बांधली. वर किबुत्झ दिसत असे. एका टोकाला लाँड्री, दुसऱ्या टोकाला बेकरी. कपडे धुण्याचे मोठे यंत्र बाजूला सरकवले की खाली जायची वाट, आणि बेकरीच्या कित्येक टनांच्या भट्टीखाली अवजड सामान उतरवायची वाट. लाँड्रीच्या खडखडाटात खालच्या यंत्रांचा आवाज लपून जाई.

खाली साधारण ४५ तरुण-तरुणी काम करीत. त्यांना खरे तर स्वतःचा किबुत्झ वसवायचा होता, ते स्वप्न त्यांनी पुढे ढकलले. सकाळी शेतावर जातो म्हणून निघायचे आणि दिवसभर उन्हाचे तोंड पाहायचे नाही. चेहरे फिके पडून संशय येऊ नये म्हणून खास दिव्यांच्या उजेडात बसून कातडी रापवीत. वर येताना बुटांच्या तळव्यात पितळेचा कीस अडकला नाही ना, हे तपासले जाई. किबुत्झमधल्याच ज्यांना काही सांगितले नव्हते त्यांना हे लोक आपसात ‘जिराफ’ म्हणत. तांबे मागवण्यासाठी लिपस्टिकच्या डब्या करतो असे कारण दाखवले होते. एकदा ब्रिटिश अधिकारी आले तेव्हा त्यांना कोमट बिअर दिली आणि सांगितले, आधी कळवून या म्हणजे थंड करून ठेवू. पुढे ते कळवून येऊ लागले.

या गोष्टी आज हसून सांगितल्या जातात. पण आपण वयाने मोठी माणसे. त्यामागची भीती आपल्याला ओळखता येते. त्या वर्षी लागू झालेल्या आणीबाणीच्या नियमांत शस्त्रांच्या गुन्ह्यांसाठी फाशीपर्यंत शिक्षा होती. खाली दारू होती; एक ठिणगी पडली असती तर कोणी वर आले नसते. आणि सर्वांत कठीण म्हणजे शेजारच्या खोलीतल्या मित्राशीही रोज खोटे बोलायचे, तीन वर्षे.

१९४८ पर्यंत तिथे वीस लाखांहून जास्त काडतुसे तयार झाली. स्वातंत्र्याच्या लढाईत ती कामी आली. पुढे हे काम उघडपणे करता येऊ लागले आणि १९४९ मध्ये त्या तरुणांनी समुद्रकाठी मागान मिखाएल हा आपला किबुत्झ वसवला.

आपली बहुतेक कुटुंबे या देशात आली ती राज्य स्थापन झाल्यानंतर. ज्या जमिनीवर आपण संसार थाटले, तिच्याखाली कोणी काय केले हे आपल्याला तेव्हा कोणी सांगितले नाही. आज तिथे संग्रहालय आहे. रामले-लोदहून ते फार लांब नाही. नातवंडांना घेऊन जाऊन यावे. धुण्याचे यंत्र सरकताना पाहून मुले टाळ्या वाजवतील. मग त्यांना हेही सांगावे की खाली उतरणारे बहुतेक जण तेव्हा त्यांच्या थोरल्या भावंडांच्या वयाचे होते.