खंजिरी आणि खराटा

वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसापुढे तुकडोजी महाराजांचं नाव काढलं की पाचव्या मिनिटाला गाडगेबाबा येतात, आणि बाबांचं नाव काढलं की महाराज. दोघांना वेगळं काढून सांगणारा म्हातारा मला अजून भेटलेला नाही. आमच्या घरात मात्र त्यांची वाटणी झाली होती. आजोबा दर्यापूरकडचे, गुरुदेव सेवा मंडळाची भगवी टोपी घालणारे, खंजिरीवाले. आजीचं माहेर मूर्तिजापूर तालुक्यात, दापुऱ्याच्या अंगाला. गाडगेबाबा लहानाचे मोठे झाले ते याच दापुऱ्यात, मामाच्या घरी, त्यामुळे बाबा म्हणजे तिच्या लेखी माहेरचं माणूस. आजोबा म्हणत, "गाणं आयकाचं तं महाराजाचं." आजी चुलीपुढून उत्तर द्यायची, "आन् आयकून घरी आल्यावर काय कराचं, थे कोन सांगे?"

या भांडणात वऱ्हाडचा बराच इतिहास मला फुकटात मिळाला.

माणिक बंडोजी इंगळे हा अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा मुलगा, जन्म 1909 चा. शाळा तिसरीपर्यंत. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्याला तुकड्या म्हटलं आणि तेच नाव पुढे प्रत्येक पदाच्या शेवटी आलं. तरुणपणी रामटेक, सालबर्डी, रामदिघीच्या रानात भटकंती झाली. बाहेर आला तो हाती खंजिरी आणि तोंडी स्वतःची पदं घेऊन. पदं मराठीत आणि तितक्याच सहजपणे हिंदीत. पुण्यामुंबईच्या माणसाला याचं नवल वाटतं. आम्हाला वाटत नाही, कारण तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, राजधानी नागपूर, आणि बाजारात, कचेरीत, आगगाडीच्या डब्यात हिंदी कानावर पडतच असे. ज्या भाषेत माणसं बोलतात त्या भाषेत पद, एवढा साधा हिशेब.

पद पसरायचं कसं, ते आजोबा तपशिलात सांगत. पुढच्यानं एक ओळ म्हणायची, मागच्यांनी ती उचलायची. चाल अशी की दुसऱ्या कडव्याला अख्खा मांडव सोबत. ज्याला लिहिता येई तो मिणमिणत्या कंदिलाशी सरकून वहीत उतरवून घेई, आणि आठवड्याभरात ते पद शेजारच्या गावात पोहोचलेलं असे. आजोबांची तशी वही मी हाताळली आहे. पानांना तेलाचे डाग, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, पण मात्रा एकही चुकलेली नाही; गाऊन पाहिल्याशिवाय लिहिलेलंच नव्हतं ना.

त्यांची खंजिरीही तशीच वापरून गुळगुळीत झालेली. लाकडी कडं, एका तोंडाला ताणून बसवलेलं चामडं, कड्याच्या खाचांत पितळी चकत्या. हिवाळ्यात दव पडलं की चामडं सैल पडे आणि आवाज बसे. मग भजनाआधी शेकोटी. आजोबा खंजिरी जाळावरून फिरवत, अंगठ्यानं ठोकत, कानाशी नेत, पुन्हा फिरवत. जास्त तापली तर चामडं तडकतं, म्हणून हे काम कधीच पोट्ट्यांच्या हाती दिलं नाही. आपल्याला हवा तो टणत्कार आला की मगच मंडळ बसे. तोवर गावचा पाटील आला तरी त्यानंही थांबावं.

1935 साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला आणि रानातल्या गवयाला पत्ता मिळाला. पुढच्या वर्षी सेवाग्रामला गांधीजींजवळ मुक्काम झाला. 1942 मध्ये चिमूर, आष्टी, बेनोडा आणि खुद्द यावली पेटली. महाराजांना पकडलं, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. सरकारला भजनाची भीती का वाटावी, असं मी लहानपणी विचारलं होतं. "भाषन लोक इसरते. गानं घरी घेऊन जाते," आजोबा म्हणाले. मोझरीचा माणूस 1955 साली जपानच्या विश्वधर्म परिषदेत गेला आणि तिथंही खंजिरी वाजली, हे सांगताना तर ते जणू स्वतःच जाऊन आले असावेत असा त्यांचा चेहरा होई.

आजीकडे यातलं काहीच नव्हतं. तिच्या माणसाला लिहिता येत नव्हतं, त्यानं पद रचलं नाही. शेंडगावच्या परिटाच्या घरातला डेबूजी 1905 मध्ये घर सोडून निघाला तो अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडग्याचं खापर आणि हातात खराटा घेऊन. गावात शिरायचं ते न कळवता. दुपारभर झाडायचं. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. तुकोबा आणि कबीर उसने, गजर गोपालाचा, बाकी सगळे प्रश्न. कर्ज काढून लग्न केलं की नाही? देवाला बकरं कापलं की नाही? शिवाशीव पाळता की नाही? उत्तर मांडवानं द्यायचं. आचार्य अत्र्यांसारख्या हयातभर सभा जिंकणाऱ्या वक्त्यानंही त्या कीर्तनापुढे हात टेकले होते. परतवाड्यात जन्मलेले गोनीदा कोवळ्या वयात बाबांच्या मागे हिंडले. त्यांनी पुढे बाबांवर लिहिलेलं वाचावं, म्हणजे आजी अतिशयोक्ती करत नव्हती हे पटेल.

महाराज बाबांना बापाच्या जागी मानत, हे मात्र आजोबाही कबूल करत. वयात 33 वर्षांचं अंतर. अडचण अशी की बाबांना मान देण्याची सोयच नव्हती. पाया पडू देत नसत. गुरू म्हणवून घेत नसत, शिष्य कुणाला मानत नसत. हार घालावा तर गळा सापडायचा नाही. अशा माणसाविषयीचा आदर एका कवीनं कुठे ठेवावा?

माझ्या मते महाराजांनी तो ग्रामगीतेत ठेवला. सुरुवातीच्या काळातली आळवणी, गुरूची ओढ, आतलं एकटेपण हे सगळं पाहावं आणि मग 1955 च्या या ग्रंथाचे अध्याय पाहावेत: ग्रामशुद्धी, श्रमसंपत्ती, दलितसेवा, यात्रा-मेळे. 41 अध्यायांत गाव झाडून काढलेलं आहे. गांधीजींचा वाटा त्यात आहेच, तो नाकारायचं कारण नाही. पण ओवीचा सूर सेवाग्रामचा नाही. समोरच्याला नाव घेऊन उठवणारा, थोडा रागावणारा, ओळखीचा सूर आहे. तो मला ऋणमोचनच्या यात्रेत, पूर्णेच्या काठावर ऐकू येतो. भजनप्रभाव नावाचा अध्यायही त्यात आहे. भजनानं काय साधावं हे भजन लिहिणाऱ्यानं इतक्या उघडपणे मांडणं, यात मला खंजिरीनं खराट्याला दिलेला मान दिसतो. आजीला हे सांगितलं असतं तर म्हणाली असती, "मंग इतके दिवस मी काय सांगून रायली होती?"

1956 चा डिसेंबर दोघंही सांगत, आणि तेव्हा भांडत नसत. कापूस वेचणीवर होता. 6 तारखेला बाबासाहेब गेले. पंढरपूरची आपली धर्मशाळा ज्यांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली, ते गेल्याचा घाव बाबांनी फार लावून घेतला म्हणतात. 20 तारखेला अमरावतीकडे येताना वलगावजवळ, पेढी नदीपाशी, मोटारीतच बाबांचा प्राण गेला. त्याच्या सहा आठवडे आधी, 8 नोव्हेंबरला, मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेलं कीर्तन ध्वनिफितीवर उतरलं, म्हणून तो आवाज आज ऐकता येतो. आजोबांनी तो ऐकला तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, याची वही करता आली नसती.

महाराज 1968 च्या ऑक्टोबरात गेले. आता मोझरीला पुण्यतिथीला लाखांनी माणसं जमतात. तिसरी शिकलेल्याचं नाव नागपूरच्या विद्यापीठाला आहे आणि अक्षर न शिकलेल्याचं अमरावतीच्या. अकोला जिल्ह्यातले सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या मांडून वाजवतात आणि बोलतात ते बाबांच्या ढंगात, म्हणजे आजी-आजोबांचा वाद एका माणसानं मिटवलाच म्हणायचा.

सरकारनं बाबांच्या नावानं 2000 साली ग्रामस्वच्छता अभियान काढलं. आमच्याही गावात तपासणीची समिती येणार होती. आदल्या दिवशी नाल्या उपसल्या, उकिरडे हलवले, भिंती रंगवल्या. पाहुण्यांच्या स्वागताला खंजिरी मंडळ उभं. आजी तेव्हा ओट्यावर बसून सगळी धावपळ पाहत होती. म्हणाली, "तारीख सांगून येते का रे हे? बाबा कधी सांगून नाई आले. म्हनून त्यायले सारं दिसे."