गाडी लागते, मग क्रूझवर जायचं की नाही? विसरवाडीपासून समुद्रापर्यंतचा सगळा हिशोब

धुळ्याहून सुरतकडे जाताना कोंडाईबारी घाट उतरला की विसरवाडी येतं. त्या घाटातून जाणाऱ्या एसटीत खिडकीला डोकं टेकवून, हातात लिंबू नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी धरून बसलेला एक तरी माणूस असतोच. मराठीत याला 'गाडी लागणं' म्हणतात. कोकणात रेल्वे येण्याआधी चाकरमानी मुंबईहून बोटीने गावी जायचे, तिथे याच त्रासाला 'बोट लागणं' म्हणत. वाहन बदललं तरी दुखणं एकच.

आता मोबाइलवर मुंबई-गोवा क्रूझचे रील्स फिरतात आणि घरात बेत शिजायला लागतो. दिवाळीनंतर सगळे मिळून जाऊ, आजीलाही नेऊ. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "मला नवापूरपर्यंतची एसटी सोसत नाही, जहाज काय सोसणार?" शंका रास्त आहे. पाच-सहा जणांच्या तिकिटाला मोठी रक्कम लागते. ऐनवेळी रद्द केलं तर त्यातला बराचसा भाग कापला जातो. शिवाय घाटात ड्रायव्हरला "जरा थांबवा" म्हणता येतं, भर समुद्रात ती सोय नाही.

तरीही गाडी लागणाऱ्या बहुतेकांना क्रूझ जमू शकते. फक्त त्रास किती होणार, हे बऱ्याच अंशी तिकीट काढतानाच ठरतं. कोणता महिना, जहाजातली कोणती खोली आणि गोळी कधी घ्यायची, हे आधी ठरवलेलं असलं तर जहाजावर गेल्यावर करायला फार थोडं उरतं.

मुळात बोट लागते कशामुळे?

कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारं एक इंद्रिय असतं. शरीर हललं, वळलं, वरखाली झालं की ते मेंदूला कळवतं. जहाजाच्या खोलीत बसलेल्या माणसाला डोळे सांगतात की भिंत, पलंग, टेबल सगळं जागच्या जागी आहे. कान मात्र सांगतो की सगळं हलतंय. या दोन बातम्या जुळत नाहीत आणि त्या गोंधळातून घाम, जांभया, तोंडाला पाणी सुटणं, मळमळ आणि शेवटी उलटी असा क्रम सुरू होतो.

कानाचा यात किती वाटा आहे, हे अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसलं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाने गॅलोडेट कॉलेजमधल्या अकरा कर्णबधिर पुरुषांना अंतराळ प्रवासाच्या अभ्यासासाठी निवडलं. त्यांपैकी बहुतेकांच्या कानातलं तोलाचं इंद्रिय लहानपणीच्या मेंदूज्वरात निकामी झालं होतं. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात त्यांना बोटीने नेलं, तेव्हा ते मजेत पत्ते खेळत बसले आणि त्यांची तपासणी करायला आलेले संशोधकच आजारी पडले.

प्रत्येक हालचाल सारखीच त्रास देते असंही नाही. साधारण पाच-सहा सेकंदांत एकदा वर जाऊन खाली येणारा संथ हेलकावा माणसाला सगळ्यात जास्त सतावतो. त्यामुळे उकईच्या बॅकवॉटरमध्ये होडीत बसून काही झालं नाही, म्हणून समुद्रातही होणार नाही, असं समजू नये. धरणाच्या पाण्यात असा लांब हेलकावा सहसा नसतो.

त्रास कुणाला जास्त होतो, याचेही ठोकताळे आहेत. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना सहसा होत नाही. दोन ते बारा वयाच्या मुलांना सगळ्यात जास्त होतो. वय वाढेल तसा तो कमी होत जातो, त्यामुळे ज्या आजीची काळजी घरात सगळ्यांना असते ती अनेकदा ठणठणीत राहते आणि नातू आडवा होतो. पुरुषांपेक्षा बायकांना, त्यातही पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणात, त्रास अधिक होतो. अर्धशिशी असलेल्यांनाही.

महिना आणि मार्ग

जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणाऱ्या लहान बोटीही पावसाळ्यात बंद ठेवतात. गाडी लागणाऱ्यांनी या महिन्यांत समुद्रात जायचा विचारच करू नये. मे आणि ऑक्टोबर हे फसवे महिने. शाळांना सुट्ट्या असतात म्हणून हेच महिने निवडले जातात, पण अरबी समुद्रात चक्रीवादळं साधारण याच सुमाराला येतात. ऑक्टोबर २०१९मध्ये क्यार आलं, मे २०२१मध्ये तौक्ते. डिसेंबर ते मार्च हा त्यातल्या त्यात शांत काळ. नाताळची सुट्टी यात बसते, हे घरच्यांच्या पथ्यावर पडतं.

मार्ग निवडताना एक गंमत लक्षात घ्यावी लागते. हेलकाव्यांची सवय व्हायला शरीराला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. म्हणजे दोन रात्रींची क्रूझ अनेकांसाठी सवय व्हायच्या बेतात असतानाच संपते. तरीही पहिल्यांदा जाणाऱ्यांनी लहान सफरच घ्यावी, कारण रात्रीचा बराचसा प्रवास झोपेत जातो आणि पाठीवर आडवं झालेल्या माणसाला त्रास कमी होतो. शिवाय सवय सगळ्यांनाच होते असं नाही. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ अशी जवळपास पाच वर्षं 'बीगल' जहाजावर होता आणि त्याला शेवटपर्यंत बोट लागतच राहिली.

लक्षद्वीपची सफर दिसायला सुंदर, पण तिथे मोठी जहाजं बेटाला लागत नाहीत. बाहेर नांगर टाकून प्रवाशांना लहान बोटींतून नेतात. मोठ्या जहाजावर काहीच न झालेला माणूस त्या लहान बोटीत हमखास पिवळा पडतो.

खोली: महाग म्हणजे चांगली, असं नाही

जहाज हे सी-सॉसारखं असतं. दोन टोकं जास्त वरखाली होतात, मधला भाग कमी. तसंच वरचे मजले जास्त झुलतात, खालचे कमी. म्हणून गाडी लागणाऱ्यांसाठी सगळ्यात चांगली खोली म्हणजे खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली. बाल्कनीच्या महागड्या खोल्या बहुधा वरच्या मजल्यांवर असतात. कुटुंबात एकाला जरी खूप त्रास होत असेल, तर बाल्कनीचे पैसे वाचवलेले बरे.

खिडकी मिळाली तर उत्तम, कारण क्षितिज दिसलं की डोळे आणि कान यांच्या बातम्या जुळतात. खिडकीची खोली परवडत नसेल तर मधली, खालची, बिनखिडकीची खोलीही चालते. आत असताना आडवं पडायचं, डोळे मिटायचे आणि जागेपणी जमेल तेवढं डेकवर राहायचं. एक गोष्ट मात्र टाळावी. काही स्वस्त तिकिटांत खोली कोणती द्यायची ते कंपनी नंतर ठरवते. त्यात अगदी पुढच्या टोकाची खोली वाट्याला येऊ शकते.

मुंबईहून सप्टेंबर २०२१पासून कॉर्डेलिया क्रूझेसचं 'एम्प्रेस' जहाज गोवा, लक्षद्वीप अशा सफरींवर जाऊ लागलं. १९९० साली बांधलेलं हे जहाज सुमारे २११ मीटर लांब आहे. एवढं मोठं धूड लहान लाटांना दाद देत नाही. मोठ्या प्रवासी जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखही असतात, ते डावी-उजवीकडचं डोलणं बरंच कमी करतात. पुढून-मागून वरखाली होणं मात्र त्यांनी फारसं थांबत नाही.

आधी चाचणी, मग तिकीट

विसरवाडीकरांच्या बाबतीत एक सोय आहे. सुरत तिथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, आणि सुरतजवळच्या हजिऱ्याहून खंभातचं आखात ओलांडून भावनगरजवळच्या घोघ्याला गाड्या आणि माणसं नेणारी रो-पॅक्स बोट जाते. ८ नोव्हेंबर २०२०ला ही सेवा सुरू झाली. रस्त्याने साधारण ३७० किलोमीटरचा वळसा पडतो, तो बोटीने सुमारे ९० किलोमीटरवर येतो आणि प्रवास तीन-चार तासांचा होतो. या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या आसपास जातो आणि प्रवाह जोरदार असतात, त्यामुळे परीक्षाही बऱ्यापैकी खरी होते. घरातल्या ज्याला त्रास होतो त्याला घेऊन ही एक फेरी करावी. क्रूझच्या मानाने खर्च थोडा. निघण्यापूर्वी त्या दिवशी बोट चालू आहे का, एवढं मात्र बघून घ्यावं.

मुंबईला जाणं झालंच तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट आहे. मार्च २०२०मध्ये सुरू झालेली ही फेरी तासाभराची. दुपारी वारा वाढतो, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने सकाळची फेरी पकडावी.

गोळी: कोणती, कधी आणि कुणी घेऊ नये

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. पहिली चूक वेळेची. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. पोटाचं काम मंदावलेलं असतं आणि बऱ्याचदा गोळीच बाहेर पडते. ती प्रवासाच्या तास-दोन तास आधी, किंवा सफर लांबची असेल तर आदल्या रात्री घ्यायची असते.

दुसरी चूक औषधाची. "उलटीची गोळी द्या" म्हटलं की अनेकदा ओंडान्सेट्रॉन हातात पडते. पोट बिघडल्यावर किंवा केमोथेरपीनंतर ती गुणकारी आहे, पण गाडी किंवा बोट लागू नये म्हणून तिचा उपयोग होत नाही. त्यासाठी प्रोमेथाझिन (दुकानात अ‍ॅव्होमिन नावाने मिळते), मेक्लिझिन, सिनारिझिन अशी वेगळी औषधं आहेत. त्यांनी झोप येते. म्हणून जो विसरवाडीहून गाडी चालवत नेणार आहे त्याने ती घेऊन स्टिअरिंगला बसू नये. तशी त्याला गरजही पडत नाही. पुढचं वळण आधीच ठाऊक असल्यामुळे चालवणाऱ्याला गाडी क्वचितच लागते. या गोळीवर दारू तर अजिबात नको.

दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन देत नाहीत. प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असलेल्या आजोबांनी, गरोदर बाईने आणि आधीच रोजची औषधं चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बहुतेक क्रूझ कंपन्या २४ आठवड्यांनंतर गरोदर प्रवाशांना घेतच नाहीत, हेही तिकिटाआधी बघावं. डॉक्टरांनी दिलेली गोळी निघण्याआधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरीच घेऊन पाहिली, तर कुणाला किती गुंगी येते ते कळतं.

नंदुरबारमधल्या कुटुंबांसाठी आणखी एक बाब आहे, आणि ती प्रवासाच्या व्हिडिओंमध्ये कधी येत नाही. हा जिल्हा महाराष्ट्रातल्या सिकलसेलग्रस्त जिल्ह्यांपैकी एक आहे. सिकलसेलच्या रुग्णाला शरीरातलं पाणी कमी झालं की तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. इतरांसाठी चार उलट्या म्हणजे वाया गेलेली एक संध्याकाळ. सिकलसेलच्या रुग्णासाठी ते दवाखान्यात भरती व्हायचं कारण ठरू शकतं, आणि किनारा तासन् तास लांब असतो. घरात असा रुग्ण असेल तर त्याच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय क्रूझचं तिकीट काढू नये. गेलंच तर नेहमीची औषधं, तपासणीचे कागद आणि ओआरएसची पाकिटं जवळच्या पिशवीत असावीत, बुक केलेल्या सामानात नव्हे. जहाजावर चढल्यावर तिथल्या डॉक्टरांना आधीच कल्पना देऊन ठेवणं चांगलं.

आलं, आलेपाक, लिंबू, आवळ्याची सुपारी यांचं काय? आल्याबद्दलचे अभ्यास एकमुखी नाहीत. काहींना बरं वाटतं, बहुतेकांना अपाय नाही, म्हणून जवळ ठेवायला हरकत नाही. मनगटावर दाब देणाऱ्या पट्ट्यांचा पुरावा मात्र कमकुवत आहे.

घरून निघण्यापासून डेकवर पोहोचेपर्यंत

धुळे-नाशिकमार्गे मुंबई गाठायची म्हणजे आधी कोंडाईबारी, मग कसारा. समुद्र दिसायच्या आधीच माणूस अर्धमेला होतो. नवापूर किंवा नंदुरबारहून रेल्वेने सुरत आणि तिथून मुंबई, हा मार्ग अशा कुटुंबांना जास्त सोसतो. शक्य असेल तर एक दिवस आधी मुंबईत पोहोचून रात्रभर झोप घ्यावी.

उलटी होईल म्हणून उपाशी निघणं ही जुनी सवय, पण रिकाम्या पोटी मळमळ वाढते. मऊ खिचडी, भाकरी, मुरमुरे असं हलकं काहीतरी थोडं थोडं खावं. हायवेवरच्या ढाब्याची तर्रीदार शेवभाजी परतीच्या वाटेसाठी राखून ठेवावी.

जहाजावर पोट ढवळायला लागलं की खोलीत कोंडून घेऊ नये. मधल्या भागातल्या डेकवर, मोकळ्या हवेत उभं राहून क्षितिजाकडे बघत राहावं. डिझेलचा आणि स्वयंपाकाचा वास टाळावा. आणि मोबाइल खिशात ठेवावा. क्रूझवर बसून क्रूझचा रील एडिट करणं हा बोट लागण्याचा सगळ्यात जलद उपाय आहे. उलटी झालीच तर पाणी किंवा ओआरएस घोटाघोटाने घ्यावं, एकदम ग्लासभर नको. छातीत दुखणं, जीभ अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं किंवा लघवी बंद होणं, यांतलं काहीही 'बोट लागलीय' म्हणून सोडून देऊ नये, थेट जहाजाच्या डॉक्टरकडे जावं.

परत आल्यावर पहिल्या रात्री विसरवाडीच्या घरातला पलंगही हलल्यासारखा वाटू शकतो. हेलकाव्यांची सवय झालेल्या मेंदूला जमीन पुन्हा ओळखायला वेळ लागतो. बहुतेकांचं ते एक-दोन दिवसांत थांबतं. आठवडे उलटूनही डोलल्यासारखं वाटत राहिलं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.