ज्युबिली गायकांचे पुढे काय झाले?

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे संपादिकाबाईंनी सांगितले, तेव्हा माझ्या मनात विषय आधीच घोळत होता. मी कॉलेजात असताना समूहगायनात होते. आम्ही पंधरा-सोळा मुली होतो. स्नेहसंमेलनात गायलो, आकाशवाणीवरही एकदा गायलो, टाळ्या मिळाल्या, आणि मग एकेकीचे लग्न होत गेले. माझी पेटी सासरी आली खरी, पण तिच्यावरचे कापड पुढे कित्येक वर्षे निघाले नाही. आमच्या त्या पंधरा-सोळाजणींचे पुढे काय झाले, हे आज मला धड सांगता येणार नाही. म्हणूनच कुठल्याही गायकवृंदाचा इतिहास वाचताना माझे लक्ष शेवटच्या पानाकडे असते. गाणे थांबल्यावर ही माणसे कुठे गेली?

या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्याबाबत बरेचसे मिळते, असा एक वृंद अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव फिस्क ज्युबिली गायक. त्यांची हकीकत आपल्या भगिनींना आवडेल, आणि थोडी उपयोगीही पडेल, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

अमेरिकेतील यादवी युद्ध 1865 साली संपले आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. लाखो माणसे मोकळी झाली. पण त्यांच्याजवळ घर नव्हते, जमीन नव्हती, अक्षरओळखही नव्हती. गुलामाला वाचायला शिकवणे हा दक्षिणेतील अनेक राज्यांत गुन्हाच होता. अशा वेळी ख्रिस्ती मिशनरी मंडळींनी टेनेसी राज्यातील नॅशव्हिल गावी, लष्कराच्या सोडून दिलेल्या इस्पितळाच्या बराकींत, जानेवारी 1866 मध्ये एक शाळा काढली. तीच पुढच्या वर्षी फिस्क विद्यापीठ झाली. विद्यापीठ हे नाव मोठे. प्रत्यक्षात लाकडी बराकी कुजत चाललेल्या, खाण्यापिण्याची ददात आणि वर कर्ज. पाच वर्षांत संस्था बंद पडायच्या बेताला आली.

संस्थेचे खजिनदार जॉर्ज व्हाइट हेच संगीतही शिकवीत. त्यांनी एक धाडसी बेत केला. मुलांचा वृंद घेऊन उत्तरेकडे जायचे, गावोगाव गाण्याचे कार्यक्रम करायचे आणि पैसा जमवायचा. 6 ऑक्टोबर 1871 रोजी ही मंडळी नॅशव्हिलहून निघाली. गाणारी मुले नऊ-दहा, त्यांतली बहुतेक गुलामगिरीत जन्मलेली. सर्वांत लहान मिनी टेट अवघी चौदा वर्षांची. पेटीवर, म्हणजे तिकडच्या पियानोवर, एला शेपर्ड नावाची वीस वर्षांची मुलगी. तालमी घेण्याचे कामही बरेचसे तिच्याचकडे होते.

पहिले दिवस फार हालाचे गेले. हॉटेलवाले खोली देत नसत. थंडीत मुले स्टेशनवर कुडकुडत बसत. सिनसिनाटीत पन्नास डॉलरांच्या आसपास रक्कम जमली. त्याच दिवसांत शिकागो शहराला भयंकर आग लागली होती. स्वतःच्या अंगावर धड गरम कपडे नसलेल्या या मुलांनी ती सगळी रक्कम तिथल्या आगग्रस्तांना देऊन टाकली. पुढे कोलंबस गावी व्हाइट यांनी वृंदाला ‘ज्युबिली’ हे नाव दिले. बायबलच्या जुन्या करारात पन्नासाव्या वर्षी दासांना मोकळे करण्याचे सांगितले आहे, त्या मुक्तीच्या वर्षावरून ते नाव घेतले.

आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते. आरंभी ही मुले लोकांपुढे गोऱ्यांच्या पसंतीची गाणी म्हणत. त्यांची स्वतःची गाणी, शेतात राबताना आईबापांनी म्हटलेली भक्तिगीते, ती चारचौघांत म्हणायला तयार नसत. ती गुलामीची आठवण होती, आणि पवित्रही होती. दारे लावून, जमिनीवर बसून, हळू आवाजात ती एकमेकांकडून शिकून घेत, असे एला शेपर्डने पुढे सांगितले आहे. आपल्याकडे शाळा शिकलेल्या मुलींना आजीच्या जात्यावरच्या ओव्या पाहुण्यांसमोर म्हणायला लाज वाटत असे, त्यातलाच हा प्रकार. पण व्हाइट यांनी हळूहळू त्यांना तयार केले. नोव्हेंबर 1871 मध्ये ओबर्लिन येथे धर्मगुरूंच्या परिषदेत त्यांनी ती गीते म्हटली आणि सभा थक्क झाली. त्यानंतर तीच त्यांची ओळख बनली. 1872 च्या मार्चमध्ये अध्यक्ष ग्रँट यांच्यापुढे, आणि 1873 साली विलायतेत खुद्द व्हिक्टोरिया राणीपुढे त्यांचे गाणे झाले.

त्याच 1873 साली आपल्या पुण्यात जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक निघाले. अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना त्यांनी ते अर्पण केले. ज्या मुक्तीचा गौरव इकडे जोतीराव करीत होते, त्याच मुक्तीतून बाहेर पडलेली मुले तिकडे त्याच वर्षी गात हिंडत होती. मला हा योग नेहमी विचार करायला लावतो.

तर अशा रीतीने सात वर्षांत, तीन दौऱ्यांत मिळून, या मुलांनी सुमारे दीड लाख डॉलर जमवले. त्यातून नॅशव्हिलला ज्युबिली हॉल ही भव्य इमारत उठली. 1 जानेवारी 1876 रोजी तिचे उद्घाटन झाले. दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी बांधलेली ती पहिली कायमची इमारत समजली जाते. ती आजही उभी आहे. 1878 साली जर्मनीतील हँबर्ग येथे वृंद विसर्जित झाला. इथपर्यंतचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. आता माझा प्रश्न. पुढे काय?

पहिली गोष्ट ही की, ज्या कॉलेजासाठी ही मुले गायली, त्या कॉलेजात त्यांना पुरते शिकता आले नाही. दौऱ्यामागून दौरे, वर्षानुवर्षे प्रवास, मग अभ्यास कधी करणार? 1875 साली विद्यापीठाची पहिली चार पदवीधर मंडळी बाहेर पडली, त्यांत वृंदातील अमेरिका रॉबिन्सन ही मुलगी होती. पण पदवीदानाच्या दिवशीही ती युरोपात गात होती! तिचे लग्न जमले होते ते बरोबरीच्या एका पदवीधराशी. त्याला ती परदेशातून पत्रे लिहीत असे. लांबच्या अंतराने ते नाते टिकले नाही. वृंद मोडल्यावर ती युरोपात राहून फ्रेंच आणि जर्मन शिकली. नंतर मिसिसिपीत जाऊन शिक्षिका झाली आणि तिथेच एका शिक्षकाशी तिने संसार केला.

दुसरी गोष्ट प्रकृतीची. रात्री कार्यक्रम, दिवसा प्रवास, थंडीवारा. कित्येकांचे आवाज गेले, कित्येकांना दुखण्यांनी गाठले. धाकट्या मिनी टेटला मधूनच वृंद सोडावा लागला. बेंजामिन होम्स हा मुलगा तर फार हुशार. दुकानांच्या पाट्या वाचून तो अक्षरे शिकला होता आणि चार्ल्स्टनच्या गुलामांच्या कोठडीत लिंकनची मुक्तीची घोषणा त्याने सोबत्यांना मोठ्याने वाचून दाखवली होती. तो क्षयाने ऐन तारुण्यात गेला.

जे राहिले त्यांच्या वाटा निरनिराळ्या झाल्या. थॉमस रटलिंगला आई लहानपणीच अंतरली होती. तिला विकून नेले, एवढीच त्याची पहिली आठवण. तो इंग्लंडातच राहिला, गायन शिकवू लागला आणि 1915 साली हॅरोगेट गावी वारला. आयझॅक डिकरसन एडिंबरोला शिकला, प्रवचनकार झाला आणि लंडनजवळ प्लमस्टेडला स्थायिक झाला. 1900 साली तोही तिकडेच वारला. ग्रीन इव्हान्स मायदेशी परतला आणि 1881 साली टेनेसीच्या कायदेमंडळाचा सभासद झाला. त्या सभेत कृष्णवर्णीय सभासद अवघे चार. हॉटेलवाले व रेल्वेवाले यांना वाटेल त्याला नाकारण्याची मुभा देणारा 1875 चा कायदा रद्द व्हावा म्हणून त्या चौघांनी खटपट केली. ती यशस्वी झाली नाही. पण ज्याला हॉटेलच्या दारातून परत पाठवले होते, तोच कायदेमंडळात त्याविरुद्ध उभा राहिला, हे काही थोडे नव्हे.

फ्रेडरिक लाउडिनची कथा तर न्यारीच. तो ओहायोतला, जन्मतः स्वतंत्र. तरुणपणी तो ज्या चर्चला नेमाने वर्गणी देई, तिथल्या गायकवृंदात केवळ रंगामुळे त्याला घेतले नाही. तोच पुढे ज्युबिली गायकांत आला. विद्यापीठाचा आश्रय सुटल्यावर 1882 साली स्वतंत्र वृंदाचा तो प्रमुख झाला आणि 1884 ते 1890 अशी सहा वर्षे त्याने जगाची सफर केली: ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिलोन, हिंदुस्थान, ब्रह्मदेश, चीन, जपान. आग्र्याच्या ताजमहालात त्यांनी आपली भक्तिगीते म्हटली. बादशहाच्या बेगमेच्या कबरीपाशी गुलामांच्या लेकरांचे सूर घुमले! परत गेल्यावर त्याने आपल्या गावी जोड्यांचा कारखाना चालवला. 1904 साली तो वारला.

आता बायकांकडे वळते, कारण आपला हा लेख मंडळासाठी आहे. मॅगी पोर्टर ही वृंदातील पहिल्या आवाजाची गायिका. कॉलेजात असतानाच ती खेड्यात शाळा चालवायला गेली होती. नाताळाच्या सुट्टीत ती गावी नसताना क्लू क्लक्स क्लानच्या गुंडांनी ती शाळा जाळली. तरी ती पुन्हा शिकवायला उभी राहिली. लग्नानंतरही तिने गाणे सोडले नाही. नवऱ्यासह स्वतःचा संच काढला. पुढे ती डिट्रॉइटला राहिली आणि 1942 साली वारली. जेनी जॅक्सनने आपल्या नावाची गायनमंडळी चालवली, मग सिनसिनाटीत संसार केला. जॉर्जिया गॉर्डन नॅशव्हिलमधील एका नामांकित धर्मोपदेशकाची पत्नी झाली.

पण माझे मन जडले ते एला शेपर्डवर. ती लहान असताना तिच्या आईला इतके दुःख झाले की, लेकीसह नदीत जीव द्यायला ती निघाली. एका म्हातारीने तिला परत फिरवले. बापाने पैसे भरून लेकीला सोडवले, आईला मात्र मालकाने मिसिसिपीत पाठवले. सिनसिनाटीत एका गोऱ्या शिक्षिकेने तिला संगीत शिकवले, पण अट अशी की, रात्री मागच्या दाराने यायचे आणि कोणाला सांगायचे नाही. बाप पटकीने गेला. पाच महिने शिक्षिकेचे काम करून साठवलेले सहा डॉलर घेऊन ती फिस्कमध्ये आली. वृंदाबरोबर सातही वर्षे ती राहिली. गाणे थांबल्यावर तिने काय केले? युद्धानंतर शोधून काढलेल्या आईला नॅशव्हिलला घर करून दिले. 1882 साली जॉर्ज मूर या पाद्र्याशी लग्न केले, मुले वाढवली. वॉशिंग्टनच्या गरीब वस्तीत नवऱ्याच्या बरोबरीने काम केले. नॅशव्हिलला परतल्यावर मिशनच्या महिला संघाची ती अध्यक्षा झाली, व्याख्याने दिली, आणि फिस्कच्या नव्या मुलांना ती जुनी गीते शिकवत राहिली. त्यांचे शब्द, चाली, मागचा प्रसंग, सगळे तिने पुढच्या पिढीच्या हाती ठेवले. पुढे तिची पणती फिस्कच्याच ग्रंथालयात जुनी कागदपत्रे सांभाळीत असे.

ही परंपरा अजून चालू आहे. फिस्कचा विद्यार्थी वृंद दरसाल 6 ऑक्टोबरला पूर्वजांची आठवण करतो. 2021 साली त्याला ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. ज्युबिली हॉलमध्ये त्या पहिल्या गायकांचे हॅवेल या चित्रकाराने 1873 च्या सुमारास काढलेले भले मोठे चित्र टांगलेले आहे. इमारत ज्यांनी उभी केली त्यांचे चेहरे इमारतीतच आहेत.

इथे मला आपल्या मंडळाच्या सभागृहाची आठवण होते. दाराशी संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर देणगीदारांची नावे आहेत. ती असावीतच. परंतु ज्या भजनी मंडळाने श्रावणात, नवरात्रात घरोघर जाऊन भजने म्हटली आणि ताटात पडलेले रुपया-दोन रुपये जमवून पत्र्याचे छप्पर घातले, त्यांचे एकही नाव कुठे नाही. पेटी वाजवणाऱ्या काकू मुलाकडे परगावी गेल्या. टाळ धरणाऱ्या दोघीजणी आज हयात नाहीत. एकीच्या स्वतःच्या रचना होत्या म्हणतात. त्यांची वही कोणाकडे आहे?

गाणे थांबते ते एक दिवस सर्वांचेच थांबते. त्यानंतर कोणी शिक्षिका होते, कोणी आजारी पडते, कोणी परक्या गावी राहून जाते. त्याला इलाज नाही. परंतु संस्थेने त्यांना विसरावे की स्मरावे, हे मात्र संस्थेच्या हाती असते. म्हणून माझी नम्र सूचना अशी की, पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत चार पाने आपल्या भजनी मंडळासाठी राखून ठेवावीत. ज्यांच्या घरी जुने फोटो, वह्या असतील, ज्यांना नावे आठवत असतील, त्यांनी ती दर शनिवारच्या बैठकीत आणून द्यावीत. लिहून काढायचे काम मी आनंदाने करीन.

आणि हो, पेटीवरचे कापड मी गेल्या महिन्यात काढले. दोन सूर बसले आहेत, तेवढे दुरुस्त करून घेतले की, पेटी मंडळात आणून ठेवते.