बालशिक्षिकेचे शिक्षण : कोलकात्याशी जुळलेला एक मराठी इतिहास

कोणत्याही शाळेचा हीरक महोत्सव आला की मुख्याध्यापकांची नामावली छापली जाते, शालान्त परीक्षेतील गुणवंतांचे फलक पुसून लख्ख केले जातात. बालवर्गात पाटीवर पहिली रेघ ओढावयास शिकविणाऱ्या बाईंचे नाव मात्र बहुधा आठवणींतच राहते. या विस्मरणामागे एक जुनी समजूत आहे. लहान मुलांना शिकवायला फारसे शिकलेले नसले तरी चालते, माया आणि थोडे अक्षरज्ञान पुरे, अशी ती समजूत. बालशिक्षण व प्राथमिक शिक्षण यांसाठी आज पदवीचे अभ्यासक्रम आहेत, परंतु तेथवर पोहोचण्यास या समजुतीशी सुमारे दीडशे वर्षे झगडावे लागले. त्या झगड्याचा मराठी भाग पाहू गेल्यास त्याच्या वाटा वारंवार कोलकात्याला जाऊन मिळतात.

शिकविण्यासाठी आधी शिकावे लागते, हा विचार दोन्ही प्रांतांत जवळपास एकाच काळात रुजला. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगर येथे मिस फरार आणि पुणे येथे मिसेस मिचेल यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले. कोलकात्यात ईश्वरचंद्र विद्यासागरांनी बंगालच्या जिल्ह्यांतून आदर्श शाळा काढण्याचे काम हाती घेताच त्यांना पहिली उणीव जाणवली ती शिक्षकांची. म्हणून जुलै 1855 मध्ये त्यांनी अध्यापकांसाठी नॉर्मल स्कूल सुरू केले आणि अक्षयकुमार दत्त यांना त्याचे प्रमुख नेमले. त्याच वर्षी त्यांचे ‘वर्णपरिचय’ हे बालांसाठीचे पुस्तकही निघाले. मुलांचे पहिले पुस्तक आणि शिक्षकांची शाळा ही दोन्ही कामे एकाच पंडिताने एकाच वर्षी करावीत, यात मोठा अर्थ आहे.

याच कोलकात्यात 1878 साली वीस वर्षांची एक मराठी तरुणी भावासह पोहोचली. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या रमा. आईवडील दुष्काळाच्या दिवसांत भटकंती करता करता निवर्तले होते. तिचे संस्कृत अध्ययन कोणत्याही पाठशाळेत झालेले नव्हते. आई लक्ष्मीबाई हीच तिची पहिली शिक्षिका. कोलकात्याच्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या तिला दिल्या. घरात आईकडून मिळालेल्या शिक्षणाला भरसभेत मान्यता मिळाली, ती अशी. पुढे 1880 मध्ये बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंचा विवाह झाला. पण दोन वर्षांतच पती पटकीने गेले आणि लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या.

त्याच वर्षी, 1882 मध्ये, हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. स्त्री-डॉक्टरांच्या मागणीमुळे ती गाजली आणि त्या भागाचेच पुढे अधिक स्मरण राहिले. शिक्षिकांविषयी त्यांनी जे सांगितले तेही तितकेच मोलाचे होते. शिक्षिका होऊ इच्छिणाऱ्या स्त्रियांना स्वतंत्र प्रशिक्षण द्यावे, त्या काळात चांगल्या शिष्यवृत्त्या द्याव्यात आणि मुलींच्या शिक्षिकांना मुलांच्या शिक्षकांहून अधिक वेतन असावे, असे त्यांचे म्हणणे होते. शिक्षिकेची योग्यता आणि तिचे वेतन ही एकाच प्रश्नाची दोन अंगे आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

रमाबाईंनी हे केवळ सांगितले नाही, त्या स्वतः पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमच्या कॉलेजात राहून मार्च 1886 मध्ये त्या फिलाडेल्फियास गेल्या, त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. आनंदीबाईंची वाटही बंगालमधूनच गेली होती. पती गोपाळराव टपाल खात्याच्या नोकरीनिमित्त कोलकात्यालगतच्या श्रीरामपूरला होते. तेथील कॉलेजच्या सभागृहात फेब्रुवारी 1883 मध्ये आनंदीबाईंनी आपण अमेरिकेस का जात आहोत हे लोकांपुढे सांगितले आणि एप्रिलमध्ये कोलकात्याहून जहाज धरले. 11 मार्च 1886 रोजी त्या डॉक्टर झाल्या.

समारंभ आटोपला तरी रमाबाई परतल्या नाहीत. फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाची बालोद्यान पद्धती, म्हणजे किंडरगार्टन, त्या काळी अमेरिकेत जोमाने पसरत होती. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोल, घन आणि ठोकळे यांच्याशी खेळता खेळता मूल आकार, संख्या आणि सौंदर्य समजून घेते, हे त्या पद्धतीचे सूत्र. वरकरणी हा पोरखेळ, पण कोणती वस्तू केव्हा द्यावी, मूल काय करते आहे हे कसे न्याहाळावे आणि आपण केव्हा गप्प बसावे, हे शिक्षिकेस शिकावे लागे. संस्कृतच्या या पंडितेने फिलाडेल्फियात त्या पद्धतीचे रीतसर शिक्षण घेतले आणि मराठी मुलांसाठी सचित्र वाचनमालेची आखणीही तेथेच आरंभिली. पुराण सांगणाऱ्या विदुषीला तीन वर्षांच्या मुलाचा खेळ अभ्यासाचा विषय वाटावा, ही गोष्ट त्या काळी नवलाचीच होती.

11 मार्च 1889 रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानानंतर बरोबर तीन वर्षांनी, मुंबईत शारदा सदन उघडले. तेथे प्रथम दाखल झालेल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजेच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई. ज्या स्त्रीला घराने नाकारले तिला शिक्षिका करून समाजात परत आणावयाचे, हा मार्ग येथे दिसू लागला.

वीसएक वर्षांनी हाच प्रश्न दुसऱ्या एका मराठी माणसाने कोलकात्यातच मांडला, पण निराळ्या टोकाकडून. 16 मार्च 1911 रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. राजधानी तेव्हा कोलकाता होती. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना, जेथे शक्य असेल तेथे, शिक्षण सक्तीचे करावे आणि महिना दहा रुपयांपर्यंत मिळकत असलेल्या पालकांकडून फी घेऊ नये, इतकीच त्यांची माफक मागणी. विरोधकांच्या आक्षेपांत एक असा होता की, प्रशिक्षित शिक्षक आणि नीट इमारती नाहीत, मग शाळा वाढवून काय साधणार? आधी निरक्षरता हटवावी, गुणवत्तेचा विचार त्यानंतर, हे गोखल्यांचे उत्तर. मार्च 1912 मध्ये 13 विरुद्ध 38 मतांनी विधेयक फेटाळले गेले.

रमाबाई म्हणत, आधी शिक्षिका घडवा. गोखले म्हणत, आधी शाळा उघडा. वरवर पाहता येथे विरोध दिसतो. परंतु प्रशिक्षित शिक्षकांचा अभाव हे शाळा न काढण्याचे निमित्त करणाऱ्यांविरुद्ध गोखले बोलत होते, शिक्षकांच्या शिक्षणाविरुद्ध नव्हे. तरीही त्यांच्या क्रमाची किंमत पुढे मोजावी लागली. आधी संख्या, मग गुणवत्ता, हा तातडीचा उपाय कायमची सवय झाला आणि ‘मग’ हा शब्द पुढे पुढे सरकत राहिला.

कोलकात्याने मात्र गोखल्यांची आठवण शाळेच्याच रूपाने जपली. त्यांच्या स्नेही सरला राय यांनी 1920 मध्ये तेथे गोखले मेमोरियल गर्ल्स स्कूल स्थापन केले. ते आजही चालू आहे. सरला राय यांच्या भगिनी आणि जगदीशचंद्र बोस यांच्या पत्नी अबला बोस यांनी 1919 मध्ये नारी शिक्षा समिती काढली. विद्यासागर वाणी भवनात विधवांना प्राथमिक शिक्षिका होण्याचे शिक्षण मिळू लागले. रमाबाईंचा मार्ग बंगालमध्ये असा पुन्हा उमटलेला दिसतो.

महाराष्ट्रात ही परंपरा ताराबाई मोडक यांनी पुढे नेली. राजकोटच्या महिला अध्यापक विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे बालशिक्षणाचे काम शिकावयास गेल्या. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, 1936 मध्ये दादरला शिशुविहार आले, 1945 पासून बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम चालले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा पाड्यावरच्या अंगणात न्यावी, या विचारातून ‘अंगणवाडी’ उभी राहिली. 1975 मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा हा शब्द देशभर गेला.

शब्द गेला, पण त्यामागची शिस्त तितक्या प्रमाणात गेली नाही. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, म्हणजे गोखल्यांच्या पराभवानंतर 98 वर्षांनी, आणि तोही मुलाला सहाव्या वर्षापासूनच हाताशी धरतो. तीन ते सहा वर्षांचे मूल हक्काच्या उंबऱ्याबाहेरच राहिले. अंगणवाडी सेविकेला मिळते ते ‘मानधन’, वेतन नव्हे. 1882 च्या साक्षीतला प्रश्न असा अजून उत्तराची वाट पाहतो आहे.

चित्र बदलू लागले आहे, हेही खरे. दिल्ली विद्यापीठाने 1994 मध्ये प्राथमिक शिक्षणाची चार वर्षांची पदवी सुरू केली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा एकसंध मानला आणि 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता ठरविली. बालमानस, भाषा कशी उमलते, खेळाचे शास्त्र, आजाराची आणि उपासमारीची लक्षणे, मुलाचे निरीक्षण करून त्याची नोंद ठेवणे, हे सारे अशा शिक्षणात यावे लागते.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुली-मुलांपैकी कोणी उद्या या पदवीला जावयाचे म्हटले, तर ‘एवढे गुण मिळवून बालवर्गच शिकवणार का?’ असा प्रश्न घरोघरी निघेल. त्या वेळी पालकांनी आठवावे की, कोलकात्याच्या विद्वत्सभेने ‘पंडिता’ म्हणून गौरविलेल्या स्त्रीने आपली विद्या पुरी पडत नाही असे मानून लहान मुलांना शिकवायचे शिक्षण नव्याने घेतले होते. आणि माजी विद्यार्थ्यांनी, शाळेला देणगी देताना, बालवर्गाच्या बाईंचे वेतन, प्रशिक्षण आणि ग्रंथालय यांचीही एकदा विचारपूस करावी.