एका खाड्याची किंमत

 

आजचा विषय आहे कामावरचं सुख. 'अ‍ॅटिट्यूड चांगला ठेवा, काम आपोआप आवडेल' हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलंच असेल. मी बीटेक झालेला सॉफ्टवेअरवाला. आमच्या क्षेत्रात तर सुख मोजायचे फॉर्म असतात. 'तुम्ही कामावर किती आनंदी आहात? एक ते दहा आकडा द्या.' आता आकडा काय, देऊन टाकतो माणूस. पण मला वाटतं, याहून सोपा आणि खरा प्रश्न एकच आहे: एक दिवस कामावर गेलो नाही, तर माझं काय होईल?

हा प्रश्न हातात धरून आपण तीन ठिकाणी जाऊ. आधी जुन्या मुंबईच्या गिरणीत, मग किर्लोस्करवाडीला आणि शेवटी इथं, आमच्या चकलांब्याच्या पट्ट्यात.

गिरणी आणि रविवार

मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या त्या १८५० च्या दशकात. सुरुवातीला विजेचे दिवे नव्हते, म्हणून काम उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालायचं. उन्हाळ्यात दिवस मोठा, की काम पण मोठं. १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा आला, पण तो मुख्यतः लहान मुलांपुरता. मोठ्या माणसांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हतीच.

त्यात मध्ये एक माणूस असायचा, जॉबर. कामावर घेणारा तो, काढणारा तो. नोकरी मिळवायची तर त्याला दस्तुरी द्यायची. बऱ्याचदा चाळीतली खोली आणि अडीनडीचं कर्जसुद्धा त्याच्याच ओळखीनं. आता अशा ठिकाणी 'आज अंगात ताप आहे' हे कुणाला सांगणार? मालक तर दिसतच नाही, आणि जॉबरला नाराज करून चालत नाही.

इथं नारायण मेघाजी लोखंडे येतात. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. त्यांनी स्वतः गिरणीत नोकरी केली होती, त्यामुळे आतली गोष्ट त्यांना ठाऊक होती. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या ऐका: रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झाला तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार.

यात 'आम्हाला आनंदी ठेवा' असं कुठंच नाही. वेळ मागितलीय. पैसा वेळेवर मागितलाय. आणि आजारी पडायची मुभा मागितलीय.

लगेच काही झालं नाही. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर सभा भरली, सुमारे दहा हजार कामगार आले. त्या सभेत दोन कामगार बायका बोलल्या. १८९० सालचं सांगतोय मी! त्यानंतर १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कायद्यात, आठवड्याची सुट्टी आली आणि बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली.

म्हणजे अ‍ॅटिट्यूडला किंमत आहे, नक्कीच आहे. पण इथं तो कोणता होता? गुपचूप सोसण्याचा नव्हता. दहा हजार माणसं एका मैदानात येऊन 'हे बदला' म्हणाली, तो अ‍ॅटिट्यूड. आपण रविवारी उशिरा उठतो ना, त्यात त्यांचा वाटा आहे.

माळावरचा कारखाना

आता दुसरी बाजू. मालकच चांगला निघाला तर?

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं, म्हणून ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. पुढं मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवायला लागले. तिथं त्यांच्या हक्काची बढती दुसऱ्याला दिली गेली आणि त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर. १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली. निवडुंगानं भरलेला माळ होता तो. तिथं कारखाना उभा राहिला आणि सोबत कामगारांची घरं, शाळा, अख्खं गाव. तीच किर्लोस्करवाडी.

लक्ष्मणरावांनी सोबत घेतलेली बरीच माणसं डिग्रीवाली नव्हती. हाताला काय येतं आणि माणूस शिकायला तयार आहे का, एवढं ते बघायचे. वाडीत त्यांनी शिवाशिव चालू दिली नाही. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघालं, ते मुळात कारखान्याचंच बातमीपत्र.

जिथं काम तिथंच शेजार, आणि मालकही त्याच माळावर राहणारा. अशा ठिकाणी कामगार नुसता हजेरीचा आकडा राहत नाही. वर्क कल्चर म्हणतात ते असं वरून झिरपतं. पण एक अडचण आहे. हे सगळं मालकाच्या मनावर उभं होतं. असा मालक सगळ्यांच्या नशिबी कुठून यायचा?

कोयता

आता घरी येऊ. चकलांबा, तालुका गेवराई, जिल्हा बीड. दसरा-दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. पट्टा पडला की उन्हाळ्यात परत.

यात हिशोबाचं माप ऐका. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. मुकादम आधी उचल देतो, ती सीझनभर ऊस तोडून फेडायची. फिटली नाही तर उरलेली पुढच्या वर्षावर. आणि एक दिवस काम चुकलं तर 'खाडा'. त्याचे पैसे कापले जातात. दोघांचा मिळून एक कोयता, त्यामुळे एक आजारी पडला की दोघांचं काम अडतं.

गिरणीतला जॉबर आठवला ना? काम देणारा, कर्ज देणारा आणि हजेरी धरणारा एकच माणूस असला, की 'नाही' म्हणायला जागा उरत नाही.

याची किंमत काय होते ते २०१९ मध्ये सगळ्या देशानं वाचलं. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कारणं अनेक होती: कमी वयातली लग्नं, वजनाच्या मोळ्या, फडात पाणी नाही की संडास नाही, भीती घालणारे डॉक्टर. पण बायका आणखी एक कारण सांगत होत्या. पाळीत, दुखण्यात विश्रांती घेतली तर खाडा पडतो.

या बायांना कुणी 'पॉझिटिव्ह राहा' म्हणून सांगावं का? फडात हसणं आहे, थट्टा आहे, एकमेकींची लेकरं सांभाळणं आहे. स्वभावात काही कमी नाही. कमी आहे ती पगारी सुट्टी.

इथंही बदल झाला तो एकत्र येऊनच. कोयता बंदच्या पवित्र्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. दर वाढला, चांगलं झालं. पण खाड्याचा प्रश्न दरानं सुटत नाही. लोखंड्यांच्या अर्जातली ती शेवटची मागणी, दुखणं निघेपर्यंत पगार, फडात अजून पोचायची आहे.

तर मंडळी

एसी ऑफिसमधल्या माझ्या नोकरीची आणि फडाची तुलना होऊच शकत नाही. मला आजारपणाची रजा आहे, कुणाची उचल माझ्या डोक्यावर नाही. पण प्रश्न सगळीकडे तोच लागू पडतो. नवीन नोकरी घेताना पगार विचाराच, पण तिथं आधीपासून काम करणाऱ्या एखाद्याला हेही विचारा: 'मागच्या वेळी आजारी पडलास तेव्हा काय झालं?' कॅरम बोर्ड आणि पिझ्झा पार्टीपेक्षा त्या उत्तरातून ऑफिस जास्त कळेल.

आणि तुमच्या घरातलं, गल्लीतलं कुणी तोडीला गेलेलं असेल, तर पट्टा पडून परत आल्यावर त्यांच्याजवळ बसा. खाडा कितीचा होता, दुखणं आलं तेव्हा काय केलं, विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, अर्थात त्यांना विचारून. गिरणी कामगारांचा इतिहास आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी तो वेळेवर लिहून ठेवला.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि रविवारी खरंच सुट्टी घ्या!