विद्यापीठाचा निकाल : गुण, श्रेणी आणि उत्तीर्णतेचे गणित

मावळ तालुक्यातील नवलाख उंबरे हे गाव तळेगाव औद्योगिक क्षेत्राच्या विस्तारामुळे राज्याच्या नकाशावर आले. त्याच्या आसपास, आंबी, वराळे आणि तळेगाव दाभाडे या पट्ट्यात अभियांत्रिकीपासून कला-वाणिज्यापर्यंतची महाविद्यालये उभी राहिली. एका बाजूला कारखाने आणि दुसऱ्या बाजूला महाविद्यालये अशी ही रचना आहे. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे विद्यापीठाची गुणपत्रिका. तथापि, त्या कागदावरील आकडे कसे तयार होतात, याची नेमकी माहिती विद्यार्थ्यांना व पालकांना क्वचितच असते. एका विषयात अनुत्तीर्ण झाल्यामुळे वर्ष वाया जाणार की नाही, हे मात्र त्या माहितीवरच अवलंबून असते.

नियम कोणाचे?

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ साली झाली आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू होते. २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि नाशिक हे जिल्हे या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. त्यामुळे मावळातील बहुतांश पारंपरिक महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. या पट्ट्यात लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. खासगी विद्यापीठे व स्वायत्त महाविद्यालये स्वतःचे नियम करतात. म्हणून शेजारच्या महाविद्यालयातील मित्राचा नियम आपल्याला लागू होईलच असे नाही. आपले विद्यापीठ कोणते आणि आपला अभ्यासक्रम कोणत्या वर्षीच्या आराखड्यानुसार चालतो, या दोन गोष्टी प्रथम तपासाव्यात.

राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू आहे. त्यानुसार परीक्षांची जबाबदारी परीक्षा व मूल्यमापन मंडळाकडे असते. शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा विद्यापीठाने प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत तो जाहीर करावा, असे हा कायदा सांगतो.

उत्तरपत्रिकेचा प्रवास

परीक्षेनंतर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे केंद्रीय मूल्यमापन केंद्रात जातात. परीक्षकाला विद्यार्थ्याची ओळख कळू नये म्हणून आसनक्रमांक झाकला जातो किंवा त्याऐवजी सांकेतिक क्रमांक अथवा बारकोड वापरला जातो. परीक्षक नमुना उत्तरे व गुणविभागणी समोर ठेवून तपासणी करतात. नियामक त्यांतील काही उत्तरपत्रिका पुन्हा पाहतात आणि एखादा परीक्षक अति कडक अथवा अति सढळ असल्यास गुणांचा समतोल साधतात. त्यानंतर अंतर्गत मूल्यमापनाचे व प्रात्यक्षिकाचे गुण त्यात मिळवून निकाल तयार होतो.

या साखळीतील एक कडी निसटली, तर काय होते हे २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात दिसले. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय पुरेशी तयारी नसताना घेण्यात आला. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल रखडले आणि पुढील शिक्षणाचे प्रवेश अडचणीत आले. अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

उत्तीर्ण म्हणजे काय?

पदवीच्या बहुतेक अभ्यासक्रमांत उत्तीर्णतेसाठी ४० टक्के गुण लागतात. मात्र येथे एक मेख आहे. जेथे लेखी परीक्षेला ७० आणि अंतर्गत मूल्यमापनाला ३० गुण असतात व दोन्हींत स्वतंत्र उत्तीर्णतेची अट असते, तेथे एकूण ४० गुण पुरत नाहीत. लेखीत २८ आणि अंतर्गत मूल्यमापनात १२ गुण वेगवेगळे मिळवावे लागतात. लेखीत २५ आणि अंतर्गत २८ मिळून ५३ गुण झाले, तरी असा विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरतो.

अगदी थोड्या गुणांनी मागे राहणाऱ्यांसाठी विद्यापीठाच्या अध्यादेशांत वाढीव गुणांची तरतूद असते. ते किती व कोणत्या अटींवर द्यायचे, याची मर्यादा ठरलेली असते आणि ते परीक्षकाच्या मर्जीवर अवलंबून नसतात.

काही विषय राहिले असतानाही पुढील वर्गात जाण्याची मुभा म्हणजे ‘एटीकेटी’. किती विषय अथवा किती श्रेयांक राहिले तर पुढे जाता येते, हे प्रत्येक अभ्यासक्रमात वेगळे असते. पदवी मात्र सर्व विषय सुटल्याखेरीज मिळत नाही.

गुणांपासून श्रेणीकडे

मुंबई विद्यापीठाची पहिली बी.ए. परीक्षा १८६२ साली झाली. तिच्या यशस्वी विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. तेव्हापासून दीर्घकाळ प्रथम वर्ग, द्वितीय वर्ग हीच गुणवत्तेची भाषा राहिली. गेल्या काही वर्षांत तिची जागा श्रेयांक व श्रेणींनी घेतली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा-गुणी पद्धतीत ‘ओ’ श्रेणीला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७, ‘बी’ला ६, ‘सी’ला ५, ‘पी’ म्हणजे केवळ उत्तीर्ण याला ४ आणि ‘एफ’ला शून्य श्रेणीगुण असतात. कोणत्या गुणांना कोणती श्रेणी, हे विद्यापीठ ठरवते.

श्रेयांक म्हणजे विषयाचे वजन. साधारणपणे सत्रात १५ तासांचे अध्यापन किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक. सत्राची सरासरी, म्हणजे एसजीपीए, काढताना प्रत्येक विषयाचे श्रेयांक व श्रेणीगुण यांचा गुणाकार करून बेरीज करतात आणि तिला एकूण श्रेयांकांनी भागतात.

समजा, चार श्रेयांकांच्या चार विषयांत ८, ७, ६ व ४ आणि दोन श्रेयांकांच्या दोन विषयांत १० व ९ श्रेणीगुण मिळाले. गुणाकारांची बेरीज १३८, एकूण श्रेयांक २०, म्हणून एसजीपीए ६.९०. सरळ सरासरी काढली असती तर ती ७.३३ आली असती. सोप्या, लहान विषयांत चमकून मोठ्या विषयाकडे दुर्लक्ष केल्यास किती फटका बसतो, ते या फरकातून कळते. सर्व सत्रांची अशीच एकत्रित सरासरी म्हणजे सीजीपीए. तिला दहाने गुणले की टक्केवारी मिळते, हा समज सर्वत्र खरा नाही. रूपांतराचे सूत्र विद्यापीठागणिक बदलते आणि नोकरीच्या अर्जात आपल्या विद्यापीठाचेच सूत्र वापरावे लागते.

राज्याने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार केलेल्या रचनेत तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२, तर चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी १६० ते १७६ श्रेयांक ठरवले आहेत. अर्धवट शिक्षण सोडणाऱ्याने मिळवलेले श्रेयांक ‘अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा राहतात.

निकाल मान्य नसेल तर

येथे दोन न्यायनिर्णय लक्षात ठेवावेत. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पुनर्मूल्यांकनाला मनाई करणारा मंडळाचा नियम वैध ठरवला. २०११ मध्ये याच न्यायालयाने आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थींचा हक्क माहिती अधिकाराखाली मान्य केला. तात्पर्य, उत्तरपत्रिका पाहणे हा हक्क आहे, पण पुनर्मूल्यांकन नियमात असेल तरच मिळते.

ज्या विद्यापीठांत ही सोय आहे, तेथे प्रथम छायाप्रत मागवावी. गुणांची बेरीज, न तपासलेली उत्तरे आणि जोडलेल्या पुरवण्या पाहाव्यात आणि विषयशिक्षकांच्या सल्ल्याने अर्ज करावा. या अर्जांची मुदत मोजक्या दिवसांची असते. ती चुकली, तर खरी चूकही दुरुस्त करून घेणे अवघड होते. म्हणून निकालाच्या दिवशी गुणपत्रिकेइतकेच लक्ष त्यासोबतच्या परिपत्रकातील तारखांकडेही द्यावे.